बी.ए. म्हणजे वेळ काढणे नव्हे
पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील मुलामुलींसाठी सामाजिक शास्त्रांचा अभ्यास आणि त्यानंतरचे रोजगार

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत ठरलेले बोलणे सुरू होते. मुलाने आयटीआय किंवा डिप्लोमा करावा, म्हणजे भोसरी-चाकणला कुठेतरी लागेल. मुलीने बी.ए. करावे, कारण कॉलेज जवळ आहे, फी कमी आहे आणि चांगले स्थळ येईपर्यंत ती शिकत राहील. मुलाने बी.ए. करतो म्हटले, तर अब्बू विचारतात, "पुढे करणार काय?" मुलगी बी.ए. करते तेव्हा मात्र हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आम्हाला वाटते, दोन्ही ठिकाणी या पदवीला आपण वेळ काढण्याचे साधन मानतो. मग मुलगाही ती अर्ध्या मनाने करतो आणि मुलगीही. तीन वर्षांनी हातात कागद येतो, कौशल्य येत नाही आणि "आर्ट्समध्ये काही नाही" हे म्हणणे खरे ठरते. म्हणून या लेखात आम्ही तीन गोष्टी पाहणार आहोत. सामाजिक शास्त्रांत नेमके काय शिकतात, आपल्या औद्योगिक पट्ट्यात त्याला कोठे मागणी आहे आणि तीन वर्षे कशी वापरली तर रोजगार हाती येतो.

आपले शहर हाच अभ्यासाचा विषय

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये राज्यात एमआयडीसीची स्थापना झाली आणि पुढे बजाज, टेल्को यांच्यासारखे मोठे कारखाने या भागात आले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. आता हा पट्टा मोशी, चाकण, महाळुंगे, निघोजेपर्यंत पसरला आहे.

दहा वर्षांत सात लाख माणसे वाढतात तेव्हा केवळ इमारती वाढत नाहीत. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून तरुण येतात आणि एका खोलीत चार-पाच जण राहतात. कायम कामगाराशेजारी कंत्राटी कामगार तेच काम कमी पगारात करतो. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांची मुले खोल्या भाड्याने देऊन जगतात. रात्रपाळी करणाऱ्या माणसाच्या घरातली झोप, जेवण, मुलांचा अभ्यास, सगळेच बदलते. या सर्व गोष्टींचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे सामाजिक शास्त्रे. समाजशास्त्र माणसांचे समूह पाहते, अर्थशास्त्र मजुरी आणि महागाई पाहते, राज्यशास्त्र कायदा आणि सत्ता पाहते. भूगोल वस्ती, पाणी आणि रस्ते पाहतो, मानसशास्त्र मन पाहते आणि इतिहास हे सारे येथवर कसे आले ते सांगतो.

चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कन्हेरसर हे नारायण मेघाजी लोखंडे यांचे मूळ गाव. महात्मा फुले यांच्या या सहकाऱ्याने मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी मिळवून दिली. कामगारांचे तास, पगार आणि हाल यांची नोंद ठेवून ती सरकारपुढे मांडणे, हे त्यांच्या कामाचे मोठे अंग होते. मुंबईच्या परळ भागातील कामगार अभ्यासाच्या सरकारी संस्थेला आज त्यांचेच नाव आहे.

हे शास्त्र आपल्याला परकेही नाही. १३३२ मध्ये ट्युनिसला जन्मलेल्या इब्न खल्दून यांनी 'मुकद्दिमा'मध्ये राज्ये का उभी राहतात आणि का ढासळतात याची कारणे माणसांच्या एकजुटीत आणि राहणीमानात शोधली. समाजशास्त्राच्या पूर्वसूरींत जगभर त्यांचे नाव घेतले जाते. अल-बेरुनी यांनी तर हजार वर्षांपूर्वी संस्कृत शिकून हिंदुस्थानातील लोकांच्या चालीरीतींचा ग्रंथ लिहिला. आपल्या महाराष्ट्रात प्रा. मोईन शाकीर आणि सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांनी राज्यशास्त्राच्या अभ्यासातूनच मुस्लिम समाजाविषयी मोलाचे लेखन केले.

जवळचे कॉलेज कमी दर्जाचे असते का?

अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' नावाची व्यवस्था आहे. घराजवळचे कॉलेज, कमी फी, नोकरी सांभाळून शिकण्याची सोय, दोन वर्षे तेथे शिकून पुढे विद्यापीठात जाण्याचा मार्ग. तेथील कामगारांची आणि स्थलांतरितांची लाखो मुले अशीच शिकतात. आपल्याकडेही बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने या नावाची योजना आणली होती. पण खऱ्या अर्थाने हे काम आपल्या भागातील साधी कला महाविद्यालयेच करत आली आहेत.

पिंपरीत रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आहे. आकुर्डीला प्रा. रामकृष्ण मोरे महाविद्यालय, भोसरीच्या लांडेवाडीत राजमाता जिजाऊ महाविद्यालय, तळेगावला इंद्रायणी महाविद्यालय आणि राजगुरुनगरला हुतात्मा राजगुरू महाविद्यालय आहे. दापोडी, कासारवाडी, चिंचवडच्या मुलींना लोकलने पुण्यात जाता येते. तेथे कॅम्पात पूना कॉलेज आणि आझम कॅम्पसमध्ये आबेदा इनामदार महाविद्यालय आहे. पाळीत काम करणाऱ्या मुलाला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून घरी राहून बी.ए. करता येते.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे एक मोठा बदल झाला आहे. पहिले वर्ष आणि ठरलेला कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी मिळते. मध्येच शिक्षण थांबले तर मिळवलेले क्रेडिट शिल्लक राहतात आणि ठराविक मुदतीत परत येता येते. ज्या घरांत लग्न, बाळंतपण किंवा वडिलांची नोकरी जाणे यामुळे शिक्षण तुटते, त्यांनी ही तरतूद नीट समजून घ्यावी. लग्न ठरवताना "तिची उरलेली वर्षे पूर्ण करू द्याल ना?" असे मोकळेपणाने विचारता येते.

रोजगार कोठे आहेत?

*कारखान्यांत.* चाकणच्या कंपनीत फक्त यंत्र चालवणारे लागतात, हा समज अपुरा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. २०२० च्या नव्या संहितेत ही संख्या २५० वर आणली आहे. कॅन्टीन, पाळणाघर, तक्रारी, अपघातानंतरची मदत, कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातील बोलणी ही त्यांची कामे. यासाठी बी.ए. नंतर समाजकार्य किंवा कामगार कल्याण या विषयाची मान्यताप्राप्त पदवी अथवा पदविका लागते. कामगार कायद्याची पदविका घेतलेल्यांना मनुष्यबळ विभागात आणि कंत्राटदारांच्या कार्यालयांतही काम मिळते. मराठी, हिंदी-उर्दू आणि थोडी कामापुरती इंग्रजी येणारा तरुण बीडच्या आणि बिहारच्या कामगाराशी सारख्याच सहजतेने बोलतो. आपल्या घरांतून हे भाषाज्ञान फुकट मिळते, त्याची किंमत ओळखली पाहिजे.

*कंपन्यांच्या सामाजिक निधीत.* २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामावर खर्च करावी लागते. शाळा, पाणी, आरोग्य, मुलींचे प्रशिक्षण अशा कामांत हा पैसा जातो. गावात गरज काय आहे याची पाहणी करणे, काम करणाऱ्या संस्थेशी समन्वय ठेवणे आणि शेवटी अहवाल लिहिणे यासाठी माणसे लागतात. सुरुवात बहुधा स्वयंसेवी संस्थेत क्षेत्र कार्यकर्ता म्हणून होते. पगार सुरुवातीला बेताचा असतो, अनुभवाने वाढतो.

*महापालिकेत आणि शासनात.* महापालिकेचा समाज विकास विभाग, रुग्णालयांतील वैद्यकीय समाजसेवक, वस्तीत बचत गट बांधणारे समूह संघटक, महिला व बालविकास विभागातील संरक्षण अधिकारी, बालन्याय व्यवस्थेतील परिविक्षा अधिकारी, कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशक, ही सर्व पदे समाजकार्याच्या पदवीशी जोडलेली आहेत. तलाक, पोटगी, मुलांचा ताबा अशा प्रकरणांत आपल्या घरातली भाषा आणि रीत जाणणारी समुपदेशक समोर असली, तर बोलता न येणाऱ्या बाईला किती आधार वाटेल याचा विचार करावा. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्यात कोथरूडची कर्वे समाज सेवा संस्था आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था मुंबईत असून तिचे एक केंद्र तुळजापूरलाही आहे.

*स्पर्धा परीक्षांत.* राज्यसेवा असो की संघ लोकसेवा आयोग, इतिहास, भूगोल, राज्यघटना आणि अर्थव्यवस्था हा अभ्यासाचा पाया आहे. संघ लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. जालना जिल्ह्यातील शेलगावच्या रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख याने पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून राज्यशास्त्रात बी.ए. केले आणि २०१५ च्या परीक्षेत वयाच्या २१ व्या वर्षी ३६१ वा क्रमांक मिळवला. हे उदाहरण हुरूप देते. पण लाखो उमेदवार बसतात आणि निवड फार थोड्यांची होते, हेही मुलांना सांगितले पाहिजे. किती प्रयत्न करायचे आणि त्यानंतर काय, हे घरात बसून आधीच ठरवावे.

*इतर वाटा.* बी.ए. नंतर तीन वर्षांचे एलएल.बी. करता येते. बी.एड. करून शिक्षक होता येते. पत्रकारितेसाठी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. अर्थशास्त्राची आवड आणि गणिताची तयारी असेल तर १९३० पासून चालत आलेली गोखले संस्था आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्याने संगणकावर नकाशे करण्याचे तंत्र शिकले, तर नगररचना आणि सर्वेक्षणाच्या कामात त्याला जागा आहे. प्राध्यापक व्हायचे असेल तर एम.ए. नंतर नेट किंवा महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट परीक्षा द्यावी लागते. मानसशास्त्राबाबत एक सावधगिरी. नुसत्या पदवीवर मनोविकारांवर उपचार करता येत नाहीत. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

मोजायला शिकणे

या सर्व नोकऱ्यांत एक कौशल्य समान आहे. प्रश्न नीट विचारणे, उत्तर जसेच्या तसे लिहिणे आणि त्यातून अर्थ काढणे. बी.ए. च्या तीन वर्षांत हे शिकले नाही तर फारसे काही शिकले नाही, असे आम्ही म्हणू.

समजा, आपल्या मोहल्ल्यात दहावीनंतर किती मुले शाळा सोडतात हे पाहायचे आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर मस्जिदच्या दारात उभे राहून शंभर जणांना विचारले, तर शंभर उत्तरे मिळतील. पण त्यांत बायका जवळजवळ नसतील. चाकणला पहिल्या पाळीत असलेला कामगार नसेल. खोली घेऊन राहणारा, कोणाशी फारशी ओळख नसलेला तरुण नसेल. म्हणजे ज्यांच्या घरांत शाळा सुटण्याचा धोका जास्त, तेच वगळले गेले. त्याऐवजी गल्लीतले दर पाचवे घर घेतले आणि कुलूप असेल तर संध्याकाळी पुन्हा गेले, तर चित्र खऱ्याच्या जवळ जाते.

प्रश्नाचेही तसेच. "तुम्ही मुलीला पुढे का शिकवले नाही?" असे विचारले की माणूस बचावाला येतो आणि पटेल असे कारण सांगतो. "घरातली १५ ते २० वयाची मुलेमुली सध्या काय करतात?" असे विचारले की तो मोकळेपणाने सांगतो. कारण त्याच्या बोलण्यातून आपोआप निघते. कधी ते बसभाडे असते, कधी धाकट्या भावंडांना सांभाळणे, कधी कॉलेजच्या रस्त्यावरचा अंधार. बसभाडे हे कारण असेल तर त्यावर उपाय करता येतो. "आपल्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही" असे म्हणून बसलो तर काहीच करता येत नाही.

येथे आपल्या मुलींना एक सोय आहे. भर दुपारी अनोळखी पुरुषासाठी दार उघडत नाही, मुलीसाठी उघडते. आरोग्य, पोषण, शिक्षण यांच्या सर्वेक्षणांत स्त्री कार्यकर्त्यांची गरज सतत असते. दोघी-दोघींनी जावे, ओळखपत्र असावे, दिवसा जावे, घरी वेळ सांगून जावे, एवढे नियम पाळले की आई-वडिलांची काळजीही कमी होते.

आपली मोजणी कोण करतो?

मार्च २००५ मध्ये केंद्र सरकारने न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल आला. अर्थशास्त्रज्ञ अबू सालेह शरीफ समितीचे सदस्य-सचिव होते. जनगणना आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांतून त्यांनी देशातील मुसलमानांच्या शिक्षणाचे, रोजगाराचे आणि कर्जपुरवठ्याचे चित्र मांडले. महाराष्ट्रात २००८ मध्ये डॉ. महमूदूर रहमान समिती नेमली गेली आणि २०१३ मध्ये तिने अहवाल दिला. या अहवालांतले आकडे भाषणांत सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते कसे काढले आणि आज ते कितपत लागू आहेत हे तपासू शकणारे थोडे आहेत.

याची किंमत काय असते ते आपण पाहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीजवळच्या कुदळवाडीत महापालिकेने भंगाराची गोदामे, पत्र्याच्या शेड आणि लहान कारखाने मोठ्या प्रमाणावर पाडले. ती कारवाई योग्य की अयोग्य, हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. पण अशा प्रत्येक ठिकाणी काही प्रश्न आधीच विचारता येतात. विकास आराखड्यात ही जमीन कशासाठी दाखवली आहे? हरकती घेण्याची मुदत कधी आहे? येथे किती जण काम करतात, किती भाडेकरू आहेत, कोणाकडे कोणता परवाना आहे? नोटीस आल्यावर धावपळ करण्याऐवजी वस्तीत आधीच हे वाचणारा आणि नोंदवणारा एखादा पदवीधर असेल, तर लोकांना निदान आपण कोठे उभे आहोत हे कळते. आराखडा वाचणे हे काही वकिलाचेच काम नाही. राज्यशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या विद्यार्थ्याला ते जमायला हवे.

तीन वर्षांचा आराखडा

नुसत्या बी.ए. वर नोकरी मिळणे कठीण आहे, हे खरे आहे. म्हणून पदवीबरोबर दुसरे काही जोडत जावे.

प्रवेश घेताना चार गोष्टी विचारा. तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? कारण फीमध्ये मोठा फरक पडतो. हवा तो विषय तिसऱ्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून मिळतो का? फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण कोठे करवून घेतात? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते?

पहिल्या वर्षी रोज एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र वाचावे, संगणकावर मराठी टंकलेखन आणि एक्सेल शिकावे. दुसऱ्या वर्षी आपल्याच वस्तीत पन्नास घरांची छोटी पाहणी करून दहा पानांचा अहवाल लिहावा. नावे गुप्त ठेवावीत. नोकरीच्या मुलाखतीत गुणपत्रिकेइतकाच हा अहवाल बोलतो. तिसऱ्या वर्षी सुटीत एखाद्या संस्थेत किंवा कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात काम करावे आणि त्याच वेळी पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षांची तयारी करावी.

पैशाचा प्रश्न आहेच. शासनाच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात. बागवान, अत्तार, पिंजारी अशा इतर मागासवर्गात येणाऱ्या बिरादरीच्या कुटुंबांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावे. शैक्षणिक कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. अल्पसंख्याकांसाठी संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे मार्टी, स्थापण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली आहे. तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. मोहल्ल्यातील जमातीने जकात आणि इमदादीचा विचार करताना इंजिनिअरिंगच्या फीबरोबर समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाची फीही डोळ्यांसमोर ठेवावी.

आणि एक विनंती घरातील वडीलधाऱ्यांना. आपली मुलगी किंवा मुलगा सध्या बी.ए. करत असेल, तर आज रात्री जेवताना तिला किंवा त्याला विचारा, तुझा मुख्य विषय कोणता, त्यात या महिन्यात काय शिकलास, आपल्या गल्लीबद्दल त्यातून काय कळते? उत्तर अडखळत आले तरी ऐकून घ्या. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. घरात कोणीतरी आपल्या अभ्यासाकडे गांभीर्याने पाहते आहे हे कळले, की मुलेही तो गांभीर्याने करू लागतील, इन्शाअल्लाह.